पंखा फिरत होता

गाडी माझ्याकडे आली तेव्हा तिच्यातला रेडिएटरचा पंखा नवा होता, थर्मोस्टॅट नवा होता आणि कूलंटही नुकताच बदललेला होता. तक्रार मात्र जुनीच राहिली होती. एसी लावून गाडी एका जागी उभी ठेवली की दहा-पंधरा मिनिटांत तापमानाचा काटा वर सरकू लागे आणि गाडी वेग घेऊ लागली की तो मुकाट्याने खाली येई. धावत्या गाडीत समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड करतो, उभ्या गाडीत ते काम एकट्या पंख्यावर येऊन पडते, तेव्हा एवढ्या लक्षणावरून बोट पंख्याकडेच जात होते. अडचण अशी की पंखा फिरत होता. मालकांनी बॉनेट उघडून मला तो दाखवलाही. "हा बघा, फिरतोय ना? मग गाडी तापते कशाने?" या प्रश्नाला माझ्यापाशी त्या वेळी उत्तर नव्हते.

कूलंटची पातळी, रेडिएटरचे झाकण आणि जाळीत अडकलेला कचरा या गोष्टी पाहून झाल्या; त्यांत काही निघाले नाही. मग पंख्याचा कपलर, म्हणजे तारा जोडणारा प्लग, काढून मल्टिमीटर लावला, तर बॅटरीइतकाच, 12.5 व्होल्ट दाब मिळाला. बहुधा आधीच्या कारागिराची तपासणी इथेच थांबली असावी आणि वीज पोहोचते आहे, म्हणजे मोटरच थकली आहे, असे ठरवून त्याने मोटर बदलली असावी. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण आकडा खराच होता. फक्त तो बिनकामाचा होता. मल्टिमीटरचा स्वतःचा रोध साधारण 10 मेगाओहम असतो, त्यातून नावापुरताच प्रवाह वाहतो, आणि एवढ्याशा प्रवाहाला तारेतला एक धड उरलेला धागाही पुरतो. पंख्याला दहा-बारा अँपिअर लागतात. तेवढा भार पडल्यावर ती तार काय करते, हे कपलर काढून ठेवल्यावर कधीच कळत नाही.

म्हणून कपलर परत जोडला, त्याच्या मागच्या बाजूने बारीक टाचण्या आत सरकवून मीटर लावला आणि इंजिन व एसी सुरू केले. बॅटरीवर 13.7 आणि पंख्यावर 12 व्होल्टच्या आसपास, म्हणजे घट होती, पण गाडी तापावी एवढी मोठी वाटली नाही. मी मीटर काढायच्या बेतात होतो, तेवढ्यात पंख्याचा सूर उतरल्यासारखा वाटला. डोळ्यांना फरक दिसत नव्हता, पाती तशीच धूसर दिसत होती. कानाला मात्र तो स्पष्ट जाणवला. पाच मिनिटांनी पंख्यावर 10.3 व्होल्ट उरले होते आणि तारेभोवती पकडून प्रवाह मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर तो 9 अँपिअरपर्यंत उतरला होता.

पुढचे काम सरळ होते. पंखा चालू ठेवूनच एकेका टप्प्यात किती व्होल्टची घट होते ते मोजत गेलो. अर्थिंगच्या बाजूला 0.08 व्होल्ट, ते ठीक. बॅटरीपासून रिलेच्या, म्हणजे पंख्याची वीज चालू-बंद करणाऱ्या विद्युत स्विचच्या, 30 क्रमांकाच्या पिनपर्यंत 0.12, रिलेत वीज शिरते ती 30 आणि पंख्याकडे निघते ती 87 या पिनांमध्ये 0.15, तेही ठीकच म्हणायचे. 87 पासून पंख्याच्या कपलरपर्यंत मात्र 3.1 व्होल्ट! या टप्प्यात ना फ्यूज, ना स्विच, ना मधला कपलर. दीड मीटरची एक अखंड तार तेवढी होती. आणि 3.1 व्होल्टला 9 अँपिअरने गुणले की जवळजवळ 28 वॅट होतात. लहान सोल्डरिंग आयर्नची उष्णता तेवढीच असते. ती तारेत कुठेतरी एकाच जागी निघत असणार. जागा तापली की तिचा रोध वाढणार आणि पंखा आणखी मंदावणार. गाडी दहा मिनिटांनंतरच का तापते, हे त्या गुणाकारात दडलेले होते.

मीटर बाजूला ठेवून मी वायरिंगवरून बोटे फिरवत गेलो. रेडिएटरच्या वरच्या आडव्या पट्टीपाशी, जिथे बॉनेटच्या कडेवरचे पाणी ठिबकते, तिथे टेपखाली चटका बसला. इंजिन बंद करून टेप सोडवली. तारेचे आवरण वितभर अंतरात एके ठिकाणी फुगून तपकिरी पडले होते आणि फुगवट्याच्या डोक्यावर सुई टोचल्यासारखे एक छिद्र होते. आवरण चिरले तर आतून हिरवा कळंक भुकटीसारखा सांडला. तांब्याचे चार-पाच धागे तेवढे शाबूत होते.

ते छिद्र पाहून मला वेगळीच शंका आली. मालक माझे जुने गिऱ्हाईक. मध्यंतरी गैरसोयीमुळे ते दुसरीकडे जात होते. मी जुनी जॉब कार्डे काढली. सुमारे अडीच वर्षांपूर्वीच्या एका कार्डावर माझ्याच अक्षरात लिहिले होते: "पंख्याचा रिले बदलला. टेस्ट लॅम्पने तारेतला पुरवठा तपासला." माझ्या टेस्ट लॅम्पचे टोक सुईसारखे आहे, आणि कपलर काढायचा कंटाळा आला की ते तारेत खुपसून दिवा लागतो का पाहण्याची माझी तेव्हा सवय होती. टोचलेली जागा वरून नीट टेप गुंडाळून मीच झाकली होती. टेपने पाणी अडले नाही, उलट आत शिरलेले पाणी धरून ठेवले.

दोन्ही बाजूंना लखलखीत तांबे लागेपर्यंत तार कापली. वीस सेंटिमीटरचा तुकडा गेला. त्याच जाडीची नवी तार क्रिंप करून, म्हणजे दाबून जोडून, आत गोंद असलेली, तापवल्यावर आवळणारी हीट श्रिंक नळी दोन्ही सांध्यांवर चढवली. त्या टप्प्यातली घट 0.11 व्होल्टवर आली. एसी लावून अर्धा तास गाडी उभी ठेवली; काटा हलला नाही आणि पंख्याचा सूरही उतरला नाही.

तार कशाने सडली, असे मालकांनी विचारले. मी जॉब कार्ड त्यांच्यापुढे ठेवले आणि टेस्ट लॅम्पचे टोक दाखवले. त्यांनी कार्ड दोनदा वाचले. मजुरी घेण्याचा प्रश्न नव्हताच. पण नव्या मोटरपायी त्यांचा खर्च होऊन गेला होता, त्याचे काय करायचे हे आम्हा दोघांनाही त्या दिवशी सुचले नाही.