असाकाझेला इंजिन जुळवताना: पी की एफ, आणि "सिस्टीममध्ये पी आहे"

आधीच सांगून टाकतो, मॉडेल रेल्वेत जपानी इलेक्ट्रिक इंजिन आणि डबे यांची जोडी रंगावरून लावू नका. निळ्या डब्यांना निळं इंजिन, झालं काम, असं इथला दुकानदारसुद्धा सांगतो आणि माझं डोकं तिथेच फिरलं.

मी टोकियोत निशी-कासाईला राहतो, एन गेजच्या छोट्या मॉडेल गाड्यांचा नाद आहे (१:१५०, रूळ ९ मिमीचे). काटो कंपनीचा २० सीरिजच्या डब्यांचा सेट घेतला, तो सहज मिळाला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. २० सीरिज म्हणजे पहिली ब्लू ट्रेन (निळ्या डब्यांची रात्रीची स्लीपर गाडी), १९५८ ला टोकियो ते हाकाता असाकाझे म्हणून सुरू झाली. मला तिचा १९७० च्या आसपासचा अवतार हवा होता. आता नुसती इंजिनं बघा, १९५८ ला ईएफ५८, १९६३ पासून ईएफ६० ची ५०० सीरिज, १९६५ पासून ईएफ६५ ची ५०० सीरिज. म्हणजे डबे तेच आणि वर्ष बदललं की इंजिन बदललं. माझ्या वर्षाला ईएफ६५-५००, एवढं पक्कं होतं.

पण ५०० मध्येही दोन जाती आहेत. पी म्हणजे पॅसेंजरवाली, एफ म्हणजे फ्रेटवाली. दोन्हीचा रंग तोच, निळा आणि क्रीम. १९६८ ला या गाड्या ताशी ११० किमीने पळवायच्या म्हणून डब्यांचे ब्रेक बदलले आणि तेव्हापासून इंजिनाकडून हवेचा जास्तीचा पाइप लागायला लागला. (वीज इंजिनाकडून येत नाही हं, त्यासाठी काणी २१ नावाचा जनरेटरचा वेगळा डबा असतो, सेट घेताना तो आहे ना बघा, नाहीतर अख्खी गाडी अंधारात.) एफ बनवलं ते वेगवान कंटेनर गाड्या आणि शिमोनोसेकीहून टोकियोला मासळी आणणाऱ्या गार वाघिणींसाठी. जड गाडीला दोन इंजिनं जोडून चालवायची म्हणून एफच्या तोंडावर जंपर केबल आणि कपलरच्या (डबा जोडायच्या हुकाच्या) आजूबाजूला हवेच्या होजचं जंजाळ असतं. पीचं तोंड त्या मानाने स्वच्छ. नडीला कुठलंही इंजिन कुठेही लागतं हे मान्य, पण मला नडीची गाडी नको होती, रोजची हवी होती.

नवीन पी तेव्हा बाजारातून संपलेलं. इथे कंपन्या एक लॉट काढतात, तो संपला की पुढचा लॉट कधी येईल त्याची वाट बघायची. म्हणून मी सेकंडहँडकडे वळलो. एका मोठ्या दुकानाच्या साइटवर "ईएफ६५ ५०० पी" दिसलं, भावही बरा होता, गेलो. तिथली पद्धत अशी की काचेच्या कपाटातल्या मालाचा नंबर चिठ्ठीवर लिहायचा, काउंटरला द्यायची, टोकन घ्यायचं आणि बसायचं. शनिवारची गर्दी, बसलो. नंबर आला, मुलाने पांढरे हातमोजे घालून केस उघडली, इंजिन ट्रेवर ठेवलं. मी वाकून बघतो तर तोंडावर जंपर, खाली होज. सरळसरळ एफ!

मी म्हटलं, हे एफ आहे. त्याने केसवरचं लेबल दाखवलं, पी. मी म्हटलं, केस पीची आहे हो, आतलं इंजिन एफ आहे, कुणीतरी अदलाबदल करून विकलंय तुम्हाला. त्याने बारकोड मारला, स्क्रीन माझ्याकडे वळवली, सिस्टीममध्येही पी. आता सिस्टीमला काय डोळे आहेत का? पण नाही. नम्रपणे मान हलवत तो म्हणाला, "इरो वा ओनाजी देस", म्हणजे रंग तर सारखाच आहे. अरे बाबा, रंग सारखाच आहे हेच तर दुखणं आहे!

मग सीनियरला बोलावलं. परत बसा. सीनियर आले, त्यांनी भिंग लावून बघितलं, दोघं हळू आवाजात काहीतरी बोलले. माझं जपानी कामापुरतं, पण "ताशिकानी", म्हणजे "खरंच की", एवढं नक्की ऐकू आलं. म्हणजे पटलं होतं त्यांना! मी म्हटलं, मग लेबल बदला आणि एफच्या भावात द्या, मालगाडीला वापरीन, माझ्याकडे कंटेनरच्या वाघिणी आहेत. तर म्हणे किंमत आणि नोंद मुख्य ऑफिसमधून होते, काउंटरवर बदलता येत नाही. घ्यायचं तर पी म्हणून घ्या, नाहीतर राहू द्या. शेवटी कमरेत वाकून माफी मागितली आणि इंजिन त्याच लेबलसकट परत कपाटात ठेवलं, माझ्या डोळ्यांदेखत. जपानमध्ये सगळं चोख असतं म्हणणाऱ्यांना मी हा किस्सा ऐकवतो. पुढच्या शनिवारी मुद्दाम जाऊन बघितलं, तिथेच होतं, पी म्हणून.

त्यामुळे सेकंडहँड घेताना साइटवरचा फोटो बाजूचा असेल तर समोरून काढलेला मागा. समोरून बघितल्याशिवाय पैसे टाकू नका. तोंडाच्या मधोमध दार असेल तर ते पीएफ, म्हणजे १००० सीरिज, टोकियोच्या ब्लू ट्रेनना ते १९७८ पासून लागलं. दार नसेल आणि तोंड स्वच्छ असेल तर पी. एवढं साधं आहे, सिस्टीम लागत नाही.

शेवटी नवीन लॉटची घोषणा झाली, बुकिंग केलं, तारीख पुढे ढकलली गेली, ती गेलीच म्हणा, पण आलं. नंबर प्लेट आपणच बसवायची असते, मी ५०१ लावली. प्लेट तांदळाच्या दाण्याएवढी, फ्रेमपासून कापताना वर पारदर्शक टेप लावा म्हणजे उडणार नाही. कपलरचं काही टेन्शन नाही, इंजिनाला आणि सेटच्या टोकाच्या डब्याला दोन्हीकडे आर्नोल्ड जातीचा कपलर होता, लगेच जुळलं. इंजिन टोमिक्स या दुसऱ्या कंपनीचं आणि टीएन या वेगळ्या जातीच्या कपलरवालं घेतलं असतं तर बदलाबदली करावी लागली असती.

हां, एक राहिलं. एवढी कटकट नको असेल तर १२ सीरिजचे डबे घ्या, १९६९ चे, त्यांचा जनरेटर टोकाच्या डब्याखालीच असतो, कुठलंही इंजिन लावा, अगदी वाफेचंही. जुने तपकिरी डबे घेणार असाल तर हिवाळ्याचा विचार करा, ईएफ५८ मध्ये डबे गरम करायला बॉयलर असतो, ईडी७५ मध्ये नसतो, ते विजेने गरम करतं. मॉडेलमध्ये कुणी कुडकुडणार नाही हे मलाही कळतं, पण मग जुळवाजुळव कशाला म्हणायची?

आणि जागा मोजा. २० सीरिजचा एक डबा साधारण पावणेचौदा सेंमी, पूर्ण १५ डबे आणि इंजिन म्हणजे दोन मीटरच्या वर. आमच्या हॉलमध्ये सोफा सरकवल्याशिवाय वळण बसत नाही, ३१५ मिमी त्रिज्येचं वळण लावलंय, २४९ वर गाडी जाते पण डबे बाहेर लटकल्यासारखे दिसतात.

आता खरी असाकाझे (ती २००५ मध्ये बंद झाली) शिमोनोसेकीला इंजिन बदलायची. तिथपर्यंत १५०० व्होल्ट डीसी (मुंबई-पुणे मार्गावर पूर्वी होतं तेच), पुढे समुद्राखालच्या कान्मोन बोगद्यातून स्टेनलेस स्टीलचं ईएफ३० आणि पलीकडे क्युशू बेटावर एसी इंजिन. ईएफ३० मिळालंय. क्युशूसाठी ईडी७३ बघतोय, तेही १००० सीरिजचंच हवं, हवेचा पाइप त्यालाच आहे. कुणाला दिसलं तर कळवा, पण फोटो समोरून काढून पाठवा.