तुम्ही विचारलंत म्हणून: नगरसेविकेनं देशाच्या राजकारणावर बोलावं का?

"देशात एवढं काय काय चाललंय आणि तुम्ही अजून पाण्याच्या लाईनबद्दलच बोलताय?" हा प्रश्न मला एका बाजूनं येतो. दुसऱ्या बाजूनं येतो तो असा: "ताई, तुम्ही नगरसेविका होता. नागरिकत्व, संघराज्य असल्या गोष्टींत कशाला पडता? ते बघायला दिल्लीत माणसं बसलीत." शब्द उलटे असले तरी प्रश्न एकच आहे. प्रभागातून निवडून आलेल्या माणसानं देशाच्या राजकारणावर तोंड उघडावं की नाही?

मी 2017 ते 2022 महापालिकेत होते, चार सदस्यांच्या प्रभागात, महिलांसाठी राखीव जागेवर. माझं उत्तर तेव्हाही तेच होतं, आजही तेच आहे: बोलावं. पण देशाचा वाद आपल्या प्रभागात कुठल्या दारानं शिरतो ते आधी शोधावं आणि त्या दारात उभं राहून बोलावं.

डिसेंबर 2019 मध्ये नागरिकत्व सुधारणा कायदा झाला. नागरिक नोंदणीचीही चर्चा जोडीला होती. वाहिन्यांवर रोज रात्री वाद रंगत होते आणि आमच्या क्षेत्रीय कार्यालयात जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीसमोर सकाळी आठपासून रांग लागत होती. कायद्यात नक्की काय लिहिलंय हे रांगेतल्या फार थोड्यांना माहीत होतं. पण "कागद लागणार" एवढं सगळ्यांना कळलं होतं, आणि ज्यांच्याकडे कागद नव्हता ते घाबरले होते. रांगेत मुसलमान बायका होत्या, तशाच धुणीभांडी करणाऱ्या मावश्या होत्या, पालावर वाढलेली भटक्या जमातींची माणसं होती. बाळंतपण घरी झालेलं, नोंद कुणी केलीच नव्हती. शाळेत नाव घालताना मास्तरांनी बहुतेकांची जन्मतारीख 1 जून टाकलेली. रेशनकार्डावर एक नाव, आधारवर त्याच नावाचं दुसरं स्पेलिंग.

जन्माची नोंद वर्षाच्या आत झाली नसेल, तर तेव्हाच्या नियमानं प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागे. म्हणजे वकील, प्रतिज्ञापत्र, कोर्टाच्या फेऱ्या. रोजंदारीवरच्या माणसाच्या हातून त्यात किती दिवसांची मजुरी जाते हे ज्यानं हिशेब मांडलाय त्यालाच कळतं. मी खिडकीजवळ आणखी एक टेबल मागितलं, जुन्या रजिस्टरांचा शोध घ्यायला एक जास्तीचा लिपिक मागितला. सर्वसाधारण सभेत विषय काढला तेव्हा समोरच्या बाकावरून आवाज आला, "हा राष्ट्रीय विषय आहे, सभागृहाच्या कक्षेत येत नाही." मी म्हटलं, रजिस्टर कुणाचं आहे? शहरातल्या जन्माची नोंद ठेवणं 1969 च्या कायद्यानं महापालिकेवर येतं. वाळवी लागलेली ती पानं आपली आहेत. त्या पानांवर माणसाचं माणूसपण ठरायची वेळ आली असेल, तर या सभागृहाइतकी त्या विषयाची कक्षा दुसऱ्या कुणाची नाही.

त्या कायद्याला माझा विरोध होता, तो मी प्रभागात उघड सांगितला. माझ्या मतदारांपैकी बऱ्याच जणांना तो पटला नाही. त्यांच्याही ड्रेनेजच्या तक्रारी मी तितक्याच तातडीनं लावून धरल्या.

आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर शंभर वर्षांपूर्वी देऊन झालंय असं मला वाटतं. 1923 मध्ये समाजसुधारक सी. के. बोले यांच्या ठरावानं मुंबई विधिमंडळानं सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करायला सांगितलं. महाड नगरपालिकेनं पुढच्या वर्षी चवदार तळ्यासाठी तसा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसं घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले, तेव्हा ते त्या नगरपालिकेच्याच ठरावाची अंमलबजावणी करत होते. मग ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं तो ठराव मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेलं, उच्च न्यायालयाचा निकाल यायला 1937 उजाडलं.

मला यात त्या सभागृहात बसलेल्या सदस्यांबद्दल फार विचार करावासा वाटतो. तालुक्याच्या गावातली नगरपालिका, विषय एका तळ्याचा. हात वर करताना त्यातल्या कुणीतरी "हा आपला स्थानिक पाण्याचा प्रश्न" असंच म्हटलं असेल. पण या देशात माणूस कुणाला म्हणायचं, हा वाद त्या विषयपत्रिकेवर होता. महात्मा फुलेही पुण्याच्या नगरपालिकेत सदस्य होते. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर खर्च करायला त्यांनी एकट्यानं विरोध केला, ते पैसे गरिबांच्या शिक्षणाला लावा म्हणाले. गोपाळ कृष्ण गोखले कलकत्त्याच्या कायदेमंडळात साम्राज्याच्या अंदाजपत्रकावर बोलत असतानाच पुण्याचे नगराध्यक्षही होते. गटार वेगळं आणि देश वेगळा, अशी वाटणी या माणसांनी केली नव्हती.

पैशाचंही तेच. जकात होती तोवर महापालिकेला रोजचं स्वतःचं उत्पन्न होतं. जकात गेली, स्थानिक संस्था कर आला, 1 ऑगस्ट 2015 पासून बहुतेक व्यापाऱ्यांना तोही माफ झाला आणि 1 जुलै 2017 ला जीएसटी आला. तेव्हापासून आमच्यासारखी शहरं महिन्याच्या महिन्याला राज्याकडून येणाऱ्या भरपाईच्या अनुदानाकडे डोळे लावून बसतात. "एक देश एक कर" यावर चर्चा करताना हे कुणी बोलत नाही. त्रेसष्ट टक्के काम झालेली पाण्याची टाकी पुढच्या हप्त्यासाठी थांबते, तेव्हा लोक नगरसेवकाला विचारतात.

आता, मी कुठे बोलत नाही तेही सांगते. देशातल्या एखाद्या घटनेच्या निषेधार्थ सभा तहकूब करायची, असा प्रस्ताव दोन्ही बाजूंकडून येत असे. सभा तहकूब झाली की विषयपत्रिकेवरचे सगळे विषय पुढच्या महिन्यात ढकलले जात. एकदा उन्हाळ्यात आमच्या टेकडीवरच्या वस्तीच्या पंपाचा विषय असाच गेला. माझ्या पक्षानं तहकुबीला पाठिंबा द्यायचं ठरवलं होतं आणि पक्षादेश मोडला तर 1986 च्या कायद्यानं सदस्यत्व जाऊ शकतं. मी पाठिंबा दिला आणि त्याच संध्याकाळी गटनेत्यांना लिहून दिलं की निषेध सभेच्या शेवटी नोंदवा, सुरुवातीला नको. निषेध खरा असेल तर तो पंप चालू झाल्यावरही खराच राहतो. पुढे आमच्या गटानं हा शिरस्ता पाळला. पाच वर्षांतल्या ज्या कामांचं मला समाधान आहे, त्यांत हे आहे.

आणि एक जागा अशी, जिथे मी गप्प बसूच शकत नव्हते. एप्रिल 2020. टाळेबंदीत भाजीच्या हातगाड्यांना परवानगी होती. आमच्या प्रभागातल्या काही सोसायट्यांच्या गेटवर भाजीवाल्याला नाव विचारायला लागले. नाव ऐकून गाडी परत पाठवू लागले. मुसलमान कोरोना पसरवतात असं त्या दिवसांत देशभर जे पसरवलं जात होतं, ते आमच्या गेटपर्यंत आलं होतं. मी त्या गेटवर जाऊन उभी राहिले. सांगितलं की मास्क आहे का विचारा, पास आहे का विचारा, नाव विचारायचा अधिकार तुम्हाला नाही. काही जण चिडले. एका काकांनी सांगितलं, "पुढच्या वेळी मत नाही देणार." मी म्हटलं, "नका देऊ, काका, पण त्याच्याकडून भाजी घ्या." वर्षानुवर्षं त्याच माणसाकडून त्यांनी मेथी घेतली होती.

आता माझ्या मनात सगळ्यात जास्त सलतं ते. राज्यघटनेच्या 243-यू अनुच्छेदानुसार नगरपालिकेची मुदत पाच वर्षं, आणि ती संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे. 74 व्या घटनादुरुस्तीनं 1993 मध्ये हे संरक्षण दिलं. राज्यातल्या बहुतेक मोठ्या महापालिकांत मार्च 2022 पासून प्रशासक आले आणि मतदान झालं 15 जानेवारी 2026 ला. निवडणुका ओबीसी आरक्षणाच्या वादात अडकल्या. तो प्रश्न खरा होता, त्याचा निवाडा व्हायलाच हवा होता. प्रभागरचना मात्र सरकारं बदलली तशी बदलत गेली. जवळजवळ चार वर्षं कोट्यवधी शहरी माणसांना सभागृहात एकही प्रतिनिधी नव्हता. एखाद्या राज्याची विधानसभा चार वर्षं भरली नसती तर देशात काहूर माजलं असतं. लोकशाहीवर चर्चा करणाऱ्या वाहिन्यांवर आमच्या रिकाम्या सभागृहांना किती वेळ मिळाला, ते तुम्हीच आठवून बघा. मला "देशाच्या प्रश्नावर भूमिका घ्या" म्हणणाऱ्यांना मी सांगत आले की ही माझी भूमिका, हाच देशाचा प्रश्न.

सभागृहं आता भरली आहेत. तुम्ही विचारता, नव्या नगरसेवकाकडून काय अपेक्षा ठेवायची. 2009 मध्ये राज्याच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आली: प्रभागाच्या छोट्या भागातले सगळे मतदार एकत्र बसतील, कामांचा क्रम ठरवतील, नगरसेवकाला समोरासमोर जाब विचारतील. आमच्या शहरात ती भरलेली मी पाहिली नाही, आणि मी पदावर असताना मागूनही मिळाली नाही. तुमच्या नगरसेवकाला, मग तो कुठल्याही पक्षाचा असो, पत्र लिहून ती मागा. पत्राची पोच घ्या. आमच्या भागातून आम्ही ते पत्र दिलंय, त्यावर सह्या करायला गेटवरचे ते काकाही आले होते.