ब्युनॉस आयर्स: फ्रिजच्या पैशावर फुललेली कला

ब्युनॉस आयर्सला जाणारे बहुतेक जण टँगो आणि फुटबॉलची यादी घेऊन जातात. माझी यादी जरा तिरकी होती. साठच्या दशकात साहित्य-चित्रकलेत सगळ्या लॅटिन अमेरिकेच्या पुढे असलेल्या या शहराचं पुढच्या दहा-पंधरा वर्षांत असं काय बिनसलं, ते रस्त्यांवर हिंडून बघायचं होतं.

सुरुवात फ्लोरिडा या पादचारी रस्त्यावरून करा. इथे 936 क्रमांकाच्या इमारतीत 1963 ते 1970 या काळात दि तेल्या संस्थेचं कलाकेंद्र होतं. पॉप आर्ट, प्रायोगिक नाटक, इलेक्ट्रॉनिक संगीत, सगळं एका छताखाली. आणि पैसा कुणाचा? तोर्क्वातो दि तेल्या या इटालियन स्थलांतरिताने 1911 साली पावाची कणीक मळायचं यंत्र काढलं. त्यातून सिआम ही कंपनी उभी राहिली आणि पुढे पेट्रोल पंप, फ्रिज, स्कूटर, मोटारी बनवू लागली. त्या कमाईवर ही कला पोसली गेली. 1966 मध्ये लष्करी राजवट आली. 1968 च्या प्रदर्शनात रोबेर्तो प्लाते याने सार्वजनिक संडासाची प्रतिकृती मांडली होती. लोकांनी तिच्या भिंतींवर सरकारविरोधी मजकूर लिहिला आणि पोलिसांनी ती बंद केली. निषेध म्हणून बाकीच्या कलाकारांनी आपली कामं उचलून याच रस्त्यावर आणली आणि स्वतःच्या हातांनी फोडली. पुढे सिआमच कर्जात बुडाली आणि केंद्राला टाळं लागलं. राज्यकर्त्यांना कला नकोशी होती हे खरंच, पण मला वाटतं, फ्रिज खपत राहिले असते तर केंद्र आणखी काही वर्षं तरी तगलं असतं. इमारतीकडे बाहेरून बघून यातलं काहीच कळत नाही, त्यामुळे वाचून जा.

तिथून कोर्रिएन्तेस रस्त्यावर या. पुस्तकांची दुकानं रात्री उशिरापर्यंत उघडी असतात. कोलंबियन लेखक गार्सिया मार्केसची सर्वांत गाजलेली कादंबरी, 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड', 1967 साली आधी याच शहरात छापली गेली. आठ वर्षांनी, जून 1975 मध्ये, अर्जेंटिनाचे अर्थमंत्री रोद्रिगो यांनी पेसो या चलनाचं एका झटक्यात प्रचंड अवमूल्यन केलं, पेट्रोल-विजेचे दर भडकले. पुढच्या मार्चमध्ये लष्कराने पुन्हा सत्ता घेतली. हजारो माणसं गायब झाली, कित्येक लेखक परागंदा झाले. एस्मा हे त्या काळातलं छळकेंद्र आता संग्रहालय आहे, 2023 पासून जागतिक वारसा स्थळही. त्याला अर्धा दिवस द्या आणि त्या संध्याकाळी दुसरं काही ठरवू नका.

नंतर 2001. दहा वर्षं एक पेसो बरोबर एक डॉलर होता. डिसेंबरमध्ये सरकारने बँकेतून आठवड्याला फक्त 250 पेसो काढायची मुभा ठेवली. लोक थाळ्या-पातेली बडवत रस्त्यावर आले आणि राष्ट्राध्यक्ष राजीनामा देऊन हेलिकॉप्टरने निघून गेले. बँकेवरचा विश्वास तेव्हापासून जो उडाला तो उडालाच. अनेक जण बचत आजही डॉलरमध्ये, घरातच ठेवतात.

म्हणून पैशांचं नीट सांगतो. शंभर डॉलरच्या कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा न्या. जुन्या किंवा लहान नोटांना भाव कमी मिळतो. फ्लोरिडावर 'काम्बियो, काम्बियो' (पैसे बदला) ओरडणारे दलाल पावलोपावली भेटतील, त्यांच्यामागे गल्लीबोळात जाऊ नका. पूर्वी काळ्या बाजारात दुप्पट भाव मिळायचा. एप्रिल 2025 मध्ये डॉलर-खरेदीवरचे बरेच निर्बंध उठले आणि ती तफावत जवळपास संपली. 'अर्जेंटिना म्हणजे स्वस्ताई' सांगणारे जुने लेख सरळ बाजूला ठेवा. 2023 मध्ये महागाई 211 टक्क्यांवर होती. आता तिचा वेग उतरलाय, पण डॉलरच्या हिशेबात शहर महागच पडतं. एका कॉफीघरात मेन्यूवर दरांच्या चिकटपट्ट्या एकावर एक इतक्या होत्या, की तो कोपरा पुठ्ठ्यासारखा जाड झाला होता.

एवढ्या ओढाताणीतही नाटकं थांबलेली नाहीत. छोट्या प्रायोगिक नाट्यगृहांत काही वेळा तिकीट नसतं, शेवटी टोपी फिरते. सुटे पेसो जवळ ठेवा. पिकादेरो नाट्यगृह आवर्जून बघा. 1981 मध्ये लेखक-नटांनी हुकूमशाहीविरोधात तिथे नाट्यमहोत्सव भरवला, दहा दिवसांच्या आतच ते जळालं, आणि महोत्सव दुसरीकडे हलवून पुरा केला गेला. कोलोन ऑपेरागृहात (1908) सगळ्यात वरच्या मजल्यावर उभं राहून बघायची तिकिटं स्वस्त असतात. आवाज तिथेही सुरेख पोचतो, फक्त पायांत त्राण हवं.

बस-मेट्रोसाठी सुबे कार्ड कोपऱ्यावरच्या टपरीवर मिळतं. शाकाहाऱ्यांनी 'मांस नको' एवढंच सांगून भागत नाही, हॅम आणि चिकनही वेगळं नाकारावं लागतं. कांदा-चीजचा पिझ्झा म्हणजे फुगासेता आणि मक्याची उमिता यांवर निभतं. जेवणं रात्री नऊनंतर.

जानेवारीत मात्र जाऊ नका: उकाडा असतो, शहरातले बरेच लोक समुद्रावर गेलेले असतात आणि कोलोनचा हंगामही बंद असतो. मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर धरा, आणि व्हिसाचे नियम तिकीट काढण्याआधी दूतावासाच्या संकेतस्थळावर बघून घ्या.