एम १०१ मधला सुपरनोव्हा आणि माझ्या रिकाम्या फ्रेम

१८ मे २०२३ ला मी जुन्नरच्या पुढे एका मित्राच्या शेतात दुर्बीण लावून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी अमावास्या, त्यामुळे चंद्राची कटकट नव्हती. कॅमेरा एम १०१ वर होता. सप्तर्षीतल्या वसिष्ठ आणि मरीचीशी त्रिकोण करणारी ही भिंगरीसारखी दीर्घिका, अंतर सुमारे २ कोटी १० लाख प्रकाशवर्षं. मेमध्ये रात्री अकराच्या सुमारास ती आपल्याकडे उत्तरेला सर्वांत वर असते. एक वाजता आवरलं, घरी येऊन झोपलो.

१९ तारखेला, आपल्याकडे रात्रीचे ११ वाजत आले असताना, जपानमधले हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांना याच दीर्घिकेत १४.९ प्रतीचा नवा ठिपका दिसला. (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका मोठा, तितकी वस्तू अंधूक.) काही तासांत ला पाल्मा बेटावरच्या लिव्हरपूल दुर्बिणीने वर्णपट घेतला, म्हणजे प्रकाशाचे रंग सुटे करून पाहिले, त्यात हायड्रोजन सापडला आणि टाइप २ सुपरनोव्हा, म्हणजे प्रचंड ताऱ्याचा मरतानाचा स्फोट, असल्याचं पक्कं झालं. नाव एसएन २०२३आयएक्सएफ. ही अक्षरं नोंदणीच्या क्रमाने लागतात. हिशेब केला तर हा त्या वर्षातला ६,७१४ वा संशयित निघतो, तोही मे संपायच्या आत! त्यातले सगळे सुपरनोव्हा नसतात, म्हणून तर खात्रीचा एवढा खटाटोप.

बातमी मला २० ला सकाळी कळली. संध्याकाळी पुन्हा शेतात. नवी फ्रेम जुनीवर ठेवून आलटून-पालटून दाखवायला लावली. एनजीसी ५४६१ या तेजोमेघाशेजारी, जिथे परवा काहीच नव्हतं, तिथे ठसठशीत तारा. तरी लगेच हुरळून जायचं नसतं. सेन्सरचा बिघडलेला पिक्सेल असेल का? दोन फ्रेममध्ये दुर्बीण किंचित सरकवली. पिक्सेल सेन्सरवर जिथल्या तिथे राहतो, हा ठिपका मात्र ताऱ्यांबरोबर सरकला. लघुग्रह? तासाभराने पाहिलं तरी जागा तीच. शिवाय एम १०१ क्रांतिवृत्तापासून, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वाटेपासून, इतकी लांब आहे की तिथे लघुग्रह क्वचितच फिरकतो. आपल्याच आकाशगंगेतला एखादा अचानक भडकलेला तारा आहे का, हे मात्र फोटोवरून सांगता येत नाही. त्याला वर्णपटच लागतो, आणि तो माझ्या सहा इंची दुर्बिणीचा घास नाही.

पण खरं काम निघालं १८ च्या फ्रेममधून. जगभरातले संशोधक शोधाआधीचे फोटो मागत होते, कारण पहिल्या काही तासांचा प्रकाश सहसा कुणाच्याच हाती लागत नाही. तारा किती मोठा होता, मरण्याआधी त्याने भोवती किती वायू सांडला होता, हे त्यातूनच उलगडतं. माझ्या शेवटच्या अर्ध्या तासाच्या फ्रेम एकत्र केल्या, जागा ताणून ताणून पाहिली. काही नाही. पण ‘काही नाही’ असं नुसतं कळवून भागत नाही, कितपत अंधूक वस्तू दिसली असती तेही सांगावं लागतं. मग नकाशातले प्रत ठाऊक असलेले तारे एकेक करून शोधत उतरत गेलो. शेवटचा जेमतेम ओळखू येणारा तारा १७ व्या प्रतीहून जरासा तेजस्वी निघाला. तीच माझी मर्यादा.

वेळेचं झंगट वेगळंच. आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करायचे, फ्रेमच्या सुरुवातीची नव्हे तर मधली वेळ धरायची, मग ज्युलियन दिनांक, म्हणजे खगोलात वापरला जाणारा दिवसांचा सलग आकडा, काढायचा. लॅपटॉपचं घड्याळ त्या रात्री नेटवरून जुळवलेलं होतं, म्हणून निभावलं. एएव्हीएसओ या ताऱ्यांच्या बदलत्या तेजाच्या नोंदी जमवणाऱ्या अमेरिकी संघटनेकडे नोंद पाठवताना आकड्याआधी ‘याहून अंधूक’ असं चिन्ह लावलं.

पुढे अभ्यासकांनी मागे मोजत पहिला प्रकाश १८ मेच्या मध्यरात्रीच्या आसपासचा ठरवला. म्हणजे माझ्या शेवटच्या फ्रेम नेमक्या त्याच सुमाराच्या!

त्यानंतरच्या चार-पाच दिवसांत तो ११ व्या प्रतीपर्यंत चढला. मी जमेल तेव्हा मोजत राहिलो. जूनमध्ये ढग आले आणि माझा हात आखडला. लडाखमध्ये हानलेला मात्र आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्थेची ग्रोथ-इंडिया दुर्बीण त्याच्यावर नजर ठेवून होती.