ग्रँड आयलंडला जाताना कॅमेरा कोणता न्यावा

पाण्याखालच्या कॅमेऱ्याची जाहिरात दोन आकड्यांवर चालते: किती मेगापिक्सेल आणि किती मीटर खोल. गोव्याच्या समुद्रात या दोन्हींपेक्षा तिसरी गोष्ट महत्त्वाची ठरते, ती म्हणजे कॅमेरा वस्तूच्या किती जवळ जाऊन फोकस करू शकतो. डिसेंबरात गोव्यातल्या वास्कोजवळच्या ग्रँड आयलंड बेटाला सगळ्या प्रकारचे कॅमेरे एकाच बोटीवर नेले आणि एकाच पाण्यात वापरून बघितले, तेव्हापासून मी कुणालाही हेच सांगते.

निमित्त मामेभावाचं. मकरंद कोल्हापूरचा, ओपन वॉटरचा म्हणजे स्कूबाचा पहिला कोर्स नुकताच झालेला, आणि कॅमेरा घ्यायचा म्हणून डोक्यात भुंगा लागलेला. आमच्याकडे फोंड्याला आल्यावर पहिला विषय तोच. मी म्हटलं, विकत घेण्याआधी वापरून तरी बघ. माझा ऑलिम्पस टीजी-६ हा छोटा जलरोधक कॅमेरा होता, त्याच्याकडे गोप्रो हा अ‍ॅक्शन कॅमेरा होता, वहिनीचा फोन भाड्याच्या हाउसिंगमध्ये (पाणी आत न येऊ देणाऱ्या कवचात) घातला, आणि पणजीचा एक मित्र आपला लेन्स बदलता येणारा मिररलेस कॅमेरा अ‍ॅल्युमिनियमच्या हाउसिंगसकट घेऊन आला.

दिवस कसा निवडला तेही सांगते, कारण त्यावर निम्मं यश अवलंबून आहे. गोव्यातला डाइव्हिंगचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात बंद. ऑक्टोबरात मांडवी-झुवारीचं गढूळ पाणी अजून किनाऱ्यालगत असतं, म्हणून मी नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरते. त्यातही पंचांग काढून अष्टमीच्या आसपासचा दिवस बघायचा. अमावस्या-पौर्णिमेला उधाणाची भरती, पाण्याला ओढ जास्त, तळाची माती वर येते. अष्टमीला भांगाची भरती, पाणी त्या मानाने शांत. फोटोसाठी जाणाऱ्याने सुट्टीच्या आधी तिथी बघावी.

फोंड्याहून पहाटे निघालो की बायण्याला तासाभरात पोचतो. किनाऱ्यावर नावनोंदणी, फॉर्म, सूट-टाक्या चढवणं, यात वेळ जातो, तो धरून चाला. चहा-नाश्ता हलका ठेवा. बोट बेटाकडे निघाली की लांबवर नांगरलेली मालवाहू जहाजं दिसतात, डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटी आडव्या येतात, आणि बेटाच्या आडोशाला गेल्यावर लाटा कमी होतात. नांगर टाकला तेव्हा बोटवाल्याने पाण्यात डोकावून सांगून टाकलं, "आयज उदक गढूळ आसा." खाली गेल्यावर पाच मीटरच्या पलीकडचं काही दिसेना. इथे हे नेहमीचंच आहे. अंदमानचे निळेशार फोटो बघून इथे उतरणाऱ्याची निराशा होते ती यामुळेच. पण मासे, प्रवाळ, बुडालेल्या जहाजाचे गंजलेले भाग सगळं इथेही आहे. फक्त ते हातभर अंतरावरून बघायचं असतं.

आमचा डाइव्ह मास्टर मालवणचा. उतरण्याआधी सगळ्यांचे कॅमेरे बघून घेतले आणि मकरंदला म्हणाला, "लांबसून काढल्यात तर कायएक दिसाचा नाय. जवळ जावा, पण हात लाव नकात." फोटोग्राफीच्या कुठल्याही वर्गात यापेक्षा कामाचं वाक्य ऐकलेलं नाही.

बेटालगतच्या शेल्टर कोव्ह या डाइव्हच्या जागेच्या बाजूला एका खडकाच्या खाचेत लायनफिश होता. पंख पसरून अगदी स्थिर. चारही कॅमेऱ्यांनी आळीपाळीने त्याचेच फोटो काढले, म्हणून तुलना सोपी झाली.

गोप्रोत मासा ओळखू आला, पण मऊ-मऊ. त्याचा फोकस ठरावीक असतो. साधारण ३० सेंटिमीटरच्या आत गेलं की वस्तू धुरकट होते, आणि दीड मीटरवर राहिलं की मधल्या गाळाने चित्र फिकं पडतं. मात्र व्हिडिओत तोच सरस. जहाजाच्या सांगाड्याशेजारून पोहत जाताना मकरंदने घेतलेला व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघावा असा आहे, कारण लेन्स रुंद असल्याने जवळ राहूनही सगळं चौकटीत मावतं. पाण्यात सपाट काचेतून वस्तू सुमारे एकतृतीयांश मोठ्या दिसतात, म्हणजे लेन्सचा रुंदपणा आपोआप कमी होतो. तेव्हा अ‍ॅक्शन कॅमेरा 'वाइड'वरच ठेवावा, 'लिनियर'वर नको.

फोनचा फोटो जमिनीवर कितीही सुंदर येवो, पाण्यात त्याचा सगळा भरवसा हाउसिंगवर. फोनवर आयपी-६८ (पाणी-धूळरोधाचा दर्जा) लिहिलेलं असतं, पण ती चाचणी प्रयोगशाळेतल्या स्थिर गोड्या पाण्यातली. खारं पाणी, पोहताना बसणारा दाब, यांचा त्यात विचार नाही. दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. गळ्यात अडकवायची प्लास्टिकची पिशवी स्नॉर्केलिंगपुरती ठीक; टाकी लावून खाली जाताना नको. कडक हाउसिंगमध्ये बटणांनी फोन चालतो, कारण पाण्याखाली स्पर्शाचा पडदा उपयोगाचा नसतो. वहिनीच्या फोनवर लायनफिशचा बरा फोटो आला, पण बटणांच्या मेनूत शिरून झूम शोधेपर्यंत तो खाचेत आत सरकला होता.

टीजीचं वेगळेपण इथे कळलं. लेन्सपासून १ सेंटिमीटरवरही तो फोकस करतो. पाण्याखालचा मायक्रोस्कोप मोड लावून मी लायनफिशच्या पंखाच्या काट्यावरचे पट्टे टिपले, आणि त्याच खडकावर जेमतेम नखाएवढी एक समुद्री गोगलगाय सापडली, पाठीवरच्या कल्ल्यांच्या झुपक्यासकट. एक गोष्ट लक्षात ठेवा: अगदी सेंटिमीटरवर गेलं की कॅमेऱ्याचीच सावली पडते. चार-पाच सेंटिमीटर मागे राहून झूम करा आणि उजेड बाजूने द्या.

मिररलेसचा फोटो चौघांत उत्तम, त्यात वाद नाही. पण कॅमेरा, हाउसिंग, प्रत्येक लेन्ससाठी वेगळा पोर्ट (हाउसिंगची पुढची काच), दोन स्ट्रोब (सुटे फ्लॅश), ते धरणारे हात, क्लॅम्प एवढा संसार बोटीवर सांभाळणं नवख्याचं काम नाही. बॉयन्सी म्हणजे पाण्यात एका पातळीवर स्थिर राहणं अंगवळणी पडलेलं नसताना एवढं ओझं हातात घेतलं की माणूस प्रवाळावर आदळतो. मित्राला हे सगळं साधायला काही वर्षं लागली आहेत. मकरंदला तोही हेच म्हणाला.

आता उजेडाबद्दल, कारण लोक कॅमेऱ्यावर सगळे पैसे घालून इथे हात आखडता घेतात. पाणी लाल रंग सगळ्यात आधी शोषतं. पाच मीटरवर तो बराचसा गेलेला असतो, त्याखाली केशरीचा नंबर. आणि हे अंतर नुसतं खोलीचं नसतं; सूर्यप्रकाश पृष्ठभागापासून माशापर्यंत आणि तिथून लेन्सपर्यंत जेवढं पाणी कापतो ते सगळं मोजायचं. टॉर्च ३० सेंटिमीटरवरून मारला तर उजेड जाऊन-येऊन ६० सेंटिमीटरच पाण्यातून जातो, म्हणून रंग टिकतो. आमच्या लायनफिशचा टॉर्चशिवाय काढलेला फोटो करडा-तपकिरी आहे. टॉर्च लावल्यावर त्याच पट्ट्यांचा गडद तांबडा रंग उमटला. दोन्ही फोटो शेजारी ठेवून दाखवले तेव्हा वहिनीला ते वेगवेगळे मासे वाटले.

लाल फिल्टरची भुरळ पडते, पण तो निळ्या पाण्यासाठी. आपलं पाणी हिरवट, त्याला मॅजेंटा (गुलाबी-जांभळ्या) छटेचा फिल्टर लागतो, आणि कुठलाही फिल्टर उजेड खातो. गढूळ पाण्यात आधीच उजेडाची टंचाई. मी फिल्टरच्या भानगडीत पडत नाही. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) पाण्याखालच्या मोडवर, फोटो रॉमध्ये (नंतर रंग सुधारता येणाऱ्या मूळ फाइलमध्ये), बाकी काम टॉर्चचं.

कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश मात्र इथे घात करतो. लेन्सला लागून असलेला फ्लॅश मधला सगळा गाळ उजळतो आणि फोटोभर पांढरे ठिपके येतात. आंबोलीच्या धुक्यात गाडीचा मोठा दिवा लावला की समोर पांढरी भिंतच उभी राहते, तसा प्रकार. उपाय एकच, उजेड लेन्सपासून बाजूला न्यायचा. लांब दांड्यावर टॉर्च किंवा स्ट्रोब, कोन थोडा बाहेरच्या बाजूला, आणि मासा जवळ. जितकं जवळ, तितका मधला गाळ कमी.

खोलीच्या आकड्याकडे कसं बघावं? टीजी-६ आणि टीजी-७ हाउसिंगशिवाय १५ मीटरपर्यंत चालतात, गोप्रो हीरोची बहुतेक मॉडेलं १० मीटरपर्यंत, डीजेआय ऑस्मो अ‍ॅक्शन ५ प्रो २० मीटर. ग्रँड आयलंडच्या बऱ्याच डाइव्ह १५ मीटरच्या आतल्या असतात, म्हणजे हिशेबाने टीजी तसाच चालावा. तरी मी त्याला ४५ मीटरच्या हाउसिंगमध्येच नेते. हाउसिंगमध्ये पाणी शिरलंच तर आतला कॅमेरा मुळात जलरोधक आहे, तो वाचतो. मिररलेसवाल्याला ही दुसरी संधी मिळत नाही. अ‍ॅक्शन कॅमेऱ्यालाही हाउसिंग घालाच. गोप्रोचं ६० मीटरपर्यंतचं मिळतं.

ओ-रिंगची म्हणजे हाउसिंगच्या झाकणाला पाणीबंद करणाऱ्या रिंगची काळजी आदल्या रात्री, स्वच्छ उजेडात घ्यायची. बोटीवर नाही. एक केस किंवा वाळूचा एक कण पुरेसा आहे. माझे केस लांब असल्याने मी ते घट्ट बांधून मगच हाउसिंग उघडते. हाताला सनस्क्रीन नको. ग्रीस त्या हाउसिंगच्या कंपनीने सांगितलेलंच, आणि तेही रिंग ओलसर दिसेल एवढंच. भलत्या ग्रीसने सिलिकॉनची रिंग फुगते. नवीन हाउसिंग पहिल्यांदा कॅमेऱ्याशिवाय, आत टिश्यू पेपर ठेवून, पाण्याखाली न्यावं. गोव्याची दमट हवा आत कोंडली गेली की पाण्यात काचेवर धुकं धरतं, म्हणून हाउसिंग एसीच्या खोलीत बंद करा, सिलिका जेलची पुडी घाला आणि बोटीवर उन्हात ठेवू नका. वर आल्यावर गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायचं, पाण्यातच सगळी बटणं दाबायची. बोटीवर बादली असेलच असं नाही. आम्ही झाकणाचा डबा भरून नेला होता. नळाची जोराची धार मारू नका. टीजीच्या झाकणांची सील वर्षातून एकदा बदलून घ्यायला कंपनीच सांगते, तेही मनावर घ्या.

पहिल्यांदाच स्कूबा करणाऱ्यांना कळकळीची विनंती: कॅमेरा हातात घेऊ नका. वहिनीला पोहता येत नाही, तिने ट्राय डाइव्ह (गाइडसोबतची पहिली चव) केली. कान मोकळे करणं, श्वास, गाइडच्या खुणा, यातच सगळं लक्ष लागतं. कॅमेरा गाइडकडे द्या, किंवा केंद्राचा व्हिडिओ घ्या आणि मूळ फाइल मिळणार का ते आधीच विचारा. मकरंदलाही मी पहिली डाइव्ह मोकळ्या हातांनी करायला लावली. त्याने ऐकलं, आणि दुसऱ्या डाइव्हला त्याचे हात स्थिर होते.

फोटोसाठी केंड माशाला डिवचून फुगवणं, माशांना बिस्किटं टाकणं, प्रवाळावर गुडघे टेकणं हे सगळं मी डोळ्यांनी बघितलं आहे आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं. फुगणं ही त्या माशाची जिवाच्या भीतीने केलेली धडपड असते. प्रवाळाला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, तुकडा आठवण म्हणून आणणं गुन्हा आहे. आणि तुटलेला तुकडा भरून यायला वर्षं लागतात.

कोल्हापूर-सांगली-बेळगावकडच्यांनी एक लक्षात ठेवावं. डाइव्ह करून त्याच संध्याकाळी घाट चढू नका. आंबोली सुमारे ७०० मीटर उंचीवर, चोर्ला ८०० च्या आसपास. विमानासाठी एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि जास्त डाइव्ह झाल्या असतील तर १८ तास थांबायचा नियम आहे. घाटासाठीही तोच धरा. मकरंदची मंडळी रात्री आमच्याकडेच राहिली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी निघाली. विमानाने येणाऱ्यांनी टॉर्चच्या आणि कॅमेऱ्याच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानात ठेवाव्यात, चेक-इनमध्ये त्या चालत नाहीत.

मकरंदने शेवटी टीजी-७ आणि हाउसिंग घ्यायचं ठरवलं. टीजी-६चंच पीटी-०५९ हाउसिंग त्याला बसतं, त्यामुळे ते सेकंडहँडही बघता येतं. २०१९चा टीजी-६ ऑलिम्पस नावाने आणि २०२३चा टीजी-७ ओएम सिस्टिम नावाने मिळतो, शोधताना दोन्ही नावं टाका. उरलेल्या पैशांत चांगला टॉर्च आणि दांड्याचा ट्रे. गोप्रो त्याच ट्रेवर व्हिडिओसाठी राहील. सेकंडहँड कॅमेरा घेताना बॅटरीचं झाकण उघडून कडेला मिठाचे पांढरे कण किंवा हिरवट गंज आहे का ते बघा, सीलवर चीर आहे का ते नखाने हलकेच चाचपा, आणि हाउसिंगचं प्रत्येक बटण दाबल्यावर पटकन परत वर येतं ना, ते तपासूनच पैसे द्या.