पावाच्या गप्पा

कोणी गेल्याचा फोन येतो तेव्हा आपण काय बोलतो, ते जर कोणी रेकॉर्ड करून नंतर ऐकवलं ना तर तोंड लपवावं लागेल. माझा मित्र गेल्याचं कळलं तेव्हा मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये होतो आणि माझ्या तोंडून निघालं, "काय यार, बेकार झालं." बास. पलीकडचा "हो ना" म्हणाला, फोन ठेवला, आणि मी हातातला वडा संपवला. हे मी घरीसुद्धा कधी सांगितलेलं नाही.

म्हणून मला बीटल्स या गाजलेल्या इंग्लिश बँडमधल्या पॉल मॅकार्टनीबद्दल जरा जास्तच माया आहे. 8 डिसेंबर 1980 च्या रात्री न्यूयॉर्कमध्ये त्याच बँडमधल्या जॉन लेननला त्याच्याच बिल्डिंगच्या दारात गोळ्या घातल्या, पॉलला इंग्लंडमध्ये सकाळी कळलं, आणि हा बाबा काय करतो तर लंडनला रेकॉर्डिंगला जातो, कारण घरी बसवेना. संध्याकाळी स्टुडिओबाहेर पत्रकारांनी गाठलं तर म्हणाला, "इट्स अ ड्रॅग, इझन्ट इट?" आणि गाडीत बसून निघून गेला. म्हणजे आपलं "बेकार झालं ना". बोलून गेला ते ठीक, पण छापून आल्यावर असलं कोरडं दिसलं की लोकांनी त्याला धू धू धुतला. शाळेच्या वयापासूनचा दोस्त गेला आणि हा असं बोलतो!

मग पुढे काय बोलायचं होतं ते यायला एप्रिल 1982 उजाडला. 'टग ऑफ वॉर' हा अल्बम, म्हणजे रस्सीखेच. प्रोड्यूसर जॉर्ज मार्टिन, बीटल्सवाले. बरंचसं काम कॅरिबियनमधल्या मॉन्टसेरात बेटावर झालं, अमेरिकन गायक स्टीव्ही वंडर आला, बीटल्सचा ड्रमर रिंगो आला. हिट झालं ते 'एबनी अँड आयव्हरी', जे मला (शिव्या घाला) गुळमट वाटतं, मी पुढे ढकलतो.

मी थांबतो ते त्यातल्या जॉनवरच्या गाण्यावर, 'हिअर टुडे'वर. जेमतेम अडीच मिनिटं, एक गिटार आणि चार तंतुवाद्यं. गंमत म्हणजे ही श्रद्धांजली वाटतच नाही, अर्धवट राहिलेलं भांडण वाटतं. मी तुला ओळखून होतो असं म्हणालो तर तू आत्ता हसला असतास आणि आपण किती वेगळे ते ऐकवलं असतंस, असा सूर. आणि मधेच एक रडण्याची रात्र येते, तीही खरी आहे, 1964 च्या अमेरिका दौऱ्यात वादळामुळे बीटल्सवाले फ्लोरिडातल्या की वेस्टला अडकले, भरपूर प्यायले आणि चक्क रडले. तरुण पोरं एकमेकांसमोर रडतात कधी? पिऊन, अडकल्यावरच.

मॉन्टसेरातला अमेरिकन रॉक अँड रोल गायक कार्ल पर्किन्सही आला होता, बीटल्सच्या लहानपणीचा हिरो. निघताना त्याने आभार म्हणून पॉलला एक गाणं म्हणून दाखवलं, त्यात 'अधूनमधून माझी आठवण काढ, दोस्ता' अशा अर्थाची ओळ होती, तर पॉल रडत उठून बाहेर गेला. पर्किन्स बिचारा घाबरला. मग पॉलच्या बायकोने, लिंडाने सांगितलं की जॉन पॉलला शेवटचं जे बोलला ते साधारण हेच होतं. हे पर्किन्सच सांगायचा.

पण मला त्याहून लागतो तो पाव. 1970 नंतर या दोघांची भांडणं कोर्टापर्यंत गेलेली, गाण्यांतून टोमणे मारून झालेले, मग हळूहळू फोन सुरू झाले, जॉन तेव्हा घरी पोरगा सांभाळत होता आणि पाव भाजायला शिकला होता, पॉलही घरी पाव करायचा, तर म्हणे पावावर गप्पा व्हायच्या. जगातली सगळ्यात गाजलेली गाणी लिहिणारी जोडी, आणि विषय काय, तर पीठ फुगलं का. शेवटी शेवटी आमचं नीट बोलणं होतं याचं समाधान आहे, असं पॉल नंतर खूपदा बोललाय.

माझं आणि मित्राचं शेवटचं बोलणं पीयूसीवरून झालं. त्याच्या बाईकची संपली होती, कुठे करून मिळेल विचारत होता. मी पेट्रोल पंपाचं लोकेशन टाकलं, त्याने अंगठा पाठवला.