'बीइंग अ रेनी डे'ने मला किती छळलं

सरकारी नोकरीच्या परीक्षांतलं इंग्रजी तसं निघालं. आर्टिकल्स, टेन्सेस घोकून झाले. अडलं ते पार्टिसिपल फ्रेजवर, म्हणजे 'वॉकिंग', 'डॅमेज्ड' अशा क्रियापदाच्या रूपाने सुरू होणाऱ्या तुकड्यावर, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. क्लासमध्ये शिकवलं एवढंच: 'अँड' काढा, क्रियापदाला 'आयएनजी' लावा, कॉमा द्या, पुढे चला. बारावीच्या 'डू ॲज डायरेक्टेड'मध्ये तेवढ्यावर मार्क मिळतात. चूक शोधायच्या प्रश्नात नाही मिळत.

'वॉकिंग टू द स्टेशन, द रेन स्टार्टेड.' यात चुकलं काय? क्लासचं उत्तर ठरलेलं: 'ऐकायला बरं वाटत नाही, म्हणून.' अहो, मला तर छान वाटत होतं! वाटणारच. 'स्टेशनला चालत जाताना पाऊस सुरू झाला' हे मराठीत चोख आहे; '-ताना'ला दोन्हीकडे एकच कर्ता लागत नाही. इंग्रजीत त्या तुकड्याला स्वतःचा कर्ता नसतो, म्हणून तो पुढच्या वाक्याच्या कर्त्याला जाऊन चिकटतो. म्हणजे स्टेशनला निघालाय तो पाऊस! डोक्यात प्रकाश पडला '-ऊन'मुळे. 'दार उघडून मांजर पळाली' म्हटलं की दार मांजरीनेच उघडलेलं असतं. इंग्रजी तुकडा असा '-ऊन'सारखा वागतो. एवढं कुणी फळ्यावर लिहिलं असतं तर माझी कितीतरी चिडचिड वाचली असती.

आता कॉमानंतरचा कर्ता धरायचा आणि विचारायचं: हे याने केलं का? 'बीइंग अ रेनी डे, वी स्टेड होम.' आम्ही पावसाळी दिवस आहोत का? नाही. म्हणून तुकड्याला त्याचा वेगळा कर्ता द्यायचा: 'इट बीइंग अ रेनी डे'. 'डॅमेज्ड बाय द स्टॉर्म, द रूफ लीक्ड' असं आलं तर प्रश्न बदला: हे याचं झालं का? छपराचं झालं, वाक्य बरोबर.

हां, 'कन्सिडरिंग', 'जनरली स्पीकिंग' यांना ही कसोटी लावू नका, ते कर्त्यावाचून चालतात. 'नॉट' नेहमी पार्टिसिपलच्या आधी: 'नॉट नोइंग द वे'. आणि 'आय ॲम नोइंग' चूक असतं म्हणून 'नोइंग' दिसताच खूण करू नका, पार्टिसिपल म्हणून ते चालतं. परीक्षेत 'नो एरर' हा पर्याय अशाच वाक्यांसाठी ठेवलेला असतो.